तारण आणि तारणहार

महाराष्ट्रात कर्जत नावाची दोन गावे आहेत. एक रायगड जिल्ह्यातले, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले. तिथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि मुंबईची तरुण मंडळी तो अंगावर घ्यायला मुद्दाम लोकल पकडून जातात. दुसरे आमच्या नगर जिल्ह्यातले, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले. इथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तर वर्ष बरे गेले असे म्हणतात. नाव एकच, पण एका गावी लोक छत्री शोधतात आणि दुसऱ्या गावी आभाळ.

नोकरीच्या निमित्ताने ऐंशीच्या दशकातली काही वर्षे मी या दुसऱ्या कर्जत तालुक्यात काढली. बँकेतला शेती कर्जाचा अधिकारी म्हणजे दुष्काळी मुलखात आभाळाखालोखाल ज्याच्याकडे लोक बघतात असा इसम. माझ्या टेबलावरच्या कर्ज मागणी अर्जात एक रकाना होता. त्यात एकच शब्द छापलेला असे : ‘तारण’. सातबाराचा उतारा, जमिनीची प्रत, विहिरीचे पाणी, दोन जामीनदार, हा सारा मजकूर त्या एका शब्दाखाली भरायचा. तो शब्द मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारत असेन. पण बऱ्याच दिवसांनी, एका देवळातल्या कीर्तनात बुवांनी ‘तारणहार’ असा शब्द उच्चारला, तेव्हा माझ्या एकदम ध्यानात आले, की अरे, हा तर आपल्याच रकान्यातला शब्द! बुडत्याला जे तारते ते तारण. बँकेचे तारण बँकेला तारते. मग कर्जदाराला तारणारे काय? तो आपल्या मनाच्या अर्जातला तो रकाना कशाने भरतो?

याचे उत्तर कर्जत तालुक्यात दगडात बांधून ठेवलेले आहे. भीमेच्या काठावर सिद्धटेक आहे, अष्टविनायकांतला सिद्धिविनायक. राशीनला जगदंबा, यमाई आहे. खुद्द कर्जतचे ग्रामदैवत म्हणजे संत गोदड महाराज. पावसाने ज्या मुलखाला कायम टांगणीवर ठेवले, त्या मुलखात श्रद्धेची अशी तीन ठाणी असावीत, हा काही योगायोग नव्हे.

सिद्धटेकची कथा मला फार आवडते. मधु आणि कैटभ या दैत्यांशी विष्णू झुंजत होता आणि दैत्य काही आवरेनात. शेवटी शंकराने त्याला गणेशाची आराधना करायला सांगितले. ती त्याने या टेकडीवर केली, त्याला सिद्धी मिळाली आणि मग दैत्य मारले गेले. म्हणजे साक्षात विष्णूवरसुद्धा दुसऱ्याचा आधार मागण्याची वेळ आली होती! संकटात आधार मागणे हा दुबळेपणा आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही कथा ऐकावी. आणि या कथेत आणखी एक गोष्ट आहे. सिद्धी मिळाल्यावर विष्णू घरी जाऊन झोपला नाही. युद्ध त्यालाच पुरे करावे लागले.

राशीनच्या देवळातल्या दीपमाळा हलत्या म्हणून प्रसिद्ध आहेत. वर चढून हलवले की एवढा थोरला मनोरा डोलू लागतो. पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते. पण तो डोलतो आणि पुन्हा आपल्या जागी येतो. दुष्काळाच्या वर्षी इथल्या माणसांकडे पाहताना मला त्या दीपमाळांची आठवण होई.

गोदड महाराजांची यात्रा आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे कामिका एकादशीला भरते. रथ निघतो. आषाढीनंतर पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष पांडुरंग आपल्या भक्ताला भेटायला कर्जतला येतो, अशी लोकांची भावना आहे. ज्याला पंढरी गाठता आली नाही, ज्याच्या घरी आजारपण होते किंवा गाठीला पैसे नव्हते, त्याच्याकडे देव आपण होऊन येतो! निराश्रितांची समजूत काढणारी याहून मायाळू कल्पना मला माहीत नाही.

पण कल्पना मायाळू असली, म्हणून ती खरी ठरते का? आयुष्यभर आकड्यांत वावरलेल्या माणसाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. देवावर भरवसा ठेवला म्हणून पाऊस येतो का? नाही. १९७२ साली मी शाळकरी पोर होतो. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या शेकडो गावांत सप्ताह झाले, महादेवाच्या पिंडी पाण्यात बुडवून ठेवल्या गेल्या आणि तरीही पाऊस आला नाही. आमच्या पिढीने रेशनवरचा लाल मिलो खाल्ला, दुष्काळी कामावरची सुकडी खाल्ली. घरंदाज बायका डोक्यावरचा पदर सावरत खडी फोडायला बसल्या. देवाने त्यांचे गाऱ्हाणे ऐकले नाही म्हणावे, तर त्याच बायका संध्याकाळी त्याच देवापुढे दिवा लावत होत्या. हे कोडे नीट समजून घेतल्याशिवाय श्रद्धेविषयी बोलण्यात अर्थ नाही.

हे कोडे काही आजचे नव्हे. १६३० च्या सुमाराला दख्खनेत जो भीषण दुष्काळ पडला, त्यात देहूच्या एका वाण्याचे दुकान बसले. त्याची पहिली बायको अन्नान्न करीत गेली, मुलगाही गेला. तुकोबांचे घराणे विठ्ठलभक्तांचे. पिढ्यान्‌पिढ्यांची वारी त्या घरात होती. देव म्हणजे विमा असता, तर सर्वांत आधी या घराला भरपाई मिळायला हवी होती. ती मिळाली नाही. तुकोबा डोंगरावर जाऊन बसले. परंपरा सांगते, की परत आल्यावर त्यांनी वडिलार्जित सावकारीची खते बाहेर काढली, धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला ही गोष्ट वाचताना घाम फुटतो! पण विचार करा. स्वतः दुष्काळात होरपळलेल्या माणसाला त्या एकांतात जे काही मिळाले, त्याने त्याच्या हातून पहिले काम करवले ते दुसऱ्याच्या मानेवरचे ओझे उतरवण्याचे. गेलेली बायको परत आली नाही, मूल परत आले नाही. त्याच्या काळजाला मात्र पाझर फुटला. दुःखाने माणूस कडवट होतो हा आपला नेहमीचा अनुभव. इथे उलटे घडले.

दामाजीपंतांची कथाही याच वाटेवरची. ती घराघरांत पोचवली महिपतींनी. हे महिपती याच जिल्ह्यातले, राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे कुलकर्णी. गावाचे हिशेब लिहिणाऱ्या या माणसाने पुढे आपली लेखणी संतचरित्रांना वाहिली आणि १७६२ साली ‘भक्तविजय’ पुरा केला. दामाजीपंत पंधराव्या शतकातले, मंगळवेढ्याचे अधिकारी. दुष्काळात माणसे मरू लागली तेव्हा त्यांनी बादशहाच्या परवानगीवाचून सरकारी कोठारे उघडली. आमच्या भाषेत सांगायचे, तर अधिकार नसताना रक्कम वाटली. चौकशी लागली, बेदरला नेण्याचा हुकूम झाला. आणि कथा सांगते, की पांडुरंग विठू महाराचे रूप घेऊन दरबारात गेला, धान्याची सारी किंमत भरली, रीतसर पावती घेतली आणि ती दामाजीपंतांच्या गीतेच्या पोथीत आणून ठेवली.

ही पावती मला मोठी मौजेची वाटते. मराठी माणसाचा देवसुद्धा पैसे भरल्यावर पावती मागून घेतो! पण मौजेपलीकडे या कथेत दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, समाजाने ज्याला गावाबाहेर ठेवले, त्याच्या रूपाने देव येतो. दुसरी, देवाने पैसे भरले ते कोठार उघडल्यानंतर. ‘देवा, आधी हमी दे, मग मी कुलूप काढतो,’ असे दामाजीपंत म्हणाले नाहीत. त्यांनी भुकेलेली माणसे पाहिली आणि किल्ली फिरवली. पुढचा भार त्यांनी देवावर टाकला. भार टाकणे आणि काम टाकणे यांत हा असा फरक आहे.

आणि अहिल्याबाई तर आमच्या शेजारच्याच. जामखेड तालुक्यातल्या चौंडीची ही लेक. सिद्धटेकचे मंदिर तिनेच बांधले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ साली पित्यासारखे सासरे मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. १७९१ मध्ये जावई वारला आणि मुलगी मुक्ताबाई डोळ्यांदेखत सती गेली. एवढे घाव सोसलेल्या बाईने देवघराचे दार आतून लावून घेतले असते, तरी कुणी बोल लावला नसता. राज्य शंकराचे, आपण त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्या, अशी तिची धारणा होती. त्या धारणेच्या बळावर ती रोज दरबारात बसली, न्यायनिवाडे केले. काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळांबरोबर घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे उभी केली. ज्या बाईला स्वतःचा निवारा असा राहिला नव्हता, तिने अनोळखी वाटसरूंना निवारा दिला.

आता एक कबूल केले पाहिजे. श्रद्धेचा आधार जितका मोठा, तितकाच त्याचा बाजारही मोठा. अडलेला माणूस कुणाचेही पाय धरतो, हे भोंदूंना आपल्यापेक्षा चांगले कळते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या बाजाराविरुद्ध आयुष्य वेचले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तो कायदा श्रद्धेच्या विरुद्ध आहे असे मला कधीच वाटले नाही. अंगणातले तण काढले म्हणजे तुळस काही मरत नाही. दुसरा धोका याहून सूक्ष्म आणि आपल्या घरातलाच. संकटात सापडलेल्या माणसाला ‘तुझीच भक्ती कुठेतरी कमी पडली’ असे सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. यापरते क्रौर्य नाही. ज्याचे मन खचले आहे, जीव नकोसा झाला आहे, त्याला नामस्मरणाचा उपदेश करून वाटेला लावू नये. त्याच्यापाशी बसावे, त्याचे ऐकावे, त्याला डॉक्टरकडे न्यावे. देवळात जाणे आणि दवाखान्यात जाणे यांत भांडण नाही.

२०१३ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात जागोजागी चारा छावण्या होत्या. तेव्हा मी एका छावणीत गेलो होतो. माणसे जनावरांसह महिनोन्‌महिने तिथेच मुक्काम करून होती. संध्याकाळी वैरण टाकून झाली, की कोणी तरी टाळ काढी. एक बाई, नवरा गेलेली, दोन गाई राखून होती. मी शहरी आगाऊपणाने विचारले, ‘‘ताई, एवढं भजन करता, देव काय देतो?’’ ती रागावली नाही. म्हणाली, ‘‘त्याला सांगितलं की रडू सरतं, दादा. रडू सरलं की पाण्याला जाता येतं.’’

श्रद्धेवर अनेक जाड ग्रंथ मी वाचले, पण एवढी नेमकी व्याख्या मला सापडली नाही. देव तिला पाणी देत नव्हता. पाण्यापर्यंत जाण्याचे बळ मात्र तिला त्याच्यापाशी मिळत होते. ज्याचा देवावर विश्वास नाही, त्याला हे बळ मित्राच्या खांद्यावर मिळेल, कामात मिळेल, गाण्यात मिळेल. त्याचे त्याने शोधावे. पण ज्याला ते देवापाशी मिळते, त्याची थट्टा करण्याचा अधिकार कुणाला नाही.

बँकेतही मला असाच एक म्हातारा भेटला होता. ज्वारीच्या पेरणीसाठी कर्ज मागत होता. इकडचे मुख्य पीक रब्बीचे, सारी भिस्त हस्ताच्या पावसावर. मी नियमाप्रमाणे विचारले, ‘‘बाबा, पाऊस आलाच नाही तर?’’ त्याने वर पाहून हात जोडले आणि म्हणाला, ‘‘न्हाई आला तर न्हाई आला, सायेब. पर म्या पेरलंच न्हाई आन् तो आला, तर त्याला त्वांड कसं दावू?’’

नवस बोलणारा देवाशी व्यवहार करतो : तू हे दे, मी ते देईन. त्यात गैर काही नाही, माणूस अडला की बोलतो. पण शरण जाणारा आपल्या वाट्याची पेरणी करून मोकळा होतो आणि पीक आले नाही तरी पुढच्या हंगामाला पाभर बाहेर काढतो. १९७२ च्या दुष्काळात बायकांनी फोडलेल्या खडीतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. १९७७ साली महाराष्ट्राने तो मंजूर केला आणि हाताला काम मागणे हा माणसाचा हक्क ठरला. ज्यांनी तो कायदा केला ते देव नव्हते. पण संकटात माणसाला आधार मिळाला पाहिजे, ही जी ओढ आहे, ती देवळात आणि विधिमंडळात एकच असते.

सिद्धटेकला आता पूल झाला आहे. पूर्वी दौंडच्या बाजूने येणारे भाविक शिरापूरला उतरून होडीने भीमा ओलांडत. होडी हलली, की सगळे एका आवाजात ‘मोरया’ म्हणत आणि नावाडी वल्हे मारू लागे. त्या होडीत बसलेल्या कुणालाही असा प्रश्न पडत नसे, की आपण पैलतीराला लागलो ते नावामुळे की वल्ह्यामुळे.