११२ फिरवला की फोन आधी म्हाप्याला जातो!

डोंबिवली पश्चिमेला विष्णुनगर पोलीस ठाण्याच्या अगदी समोर उभं राहून ११२ लावलात, तरी पहिली घंटा त्या ठाण्यात वाजत नाही. ती वाजते म्हाप्याला. राज्यभरातले ११२ चे कॉल घेणारं मुख्य केंद्र नवी मुंबईत म्हाप्याला आहे आणि त्याच्या जोडीचं दुसरं नागपुरात. म्हाप्यात नोंद झाली की माहिती ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तिथून जवळच्या पोलीस गाडीतल्या स्क्रीनवर. ठाणेकरांनी हेही लक्षात ठेवावं, की म्हापे ठाणे जिल्ह्यातच आहे!

रुग्णवाहिकेसाठी १०८ लावला तर मात्र वाट वेगळी. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचं नियंत्रण केंद्र पुण्यात औंधला. कल्याणच्या पेशंटची गाडी ठरते पुण्यात आणि निघते कल्याणच्याच परिसरातून. दोन्ही कॉल डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचतात, त्यामुळे अंतराची काळजी नको. काळजी घ्यायची ती पत्त्याची, पण ते पुढे.

नंबर नाही, हाक!

४जीवर ११२ दाबलं की फोन तो साधा नंबर म्हणून पाठवतच नाही. हा आणीबाणीचा नंबर आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. तो नेटवर्कला एक ठरावीक हाक पाठवतो: ‘सर्व्हिस, एसओएस’. इंटरनेटच्या मानकांत ही हाक २००८ मध्ये पक्की झाली आणि तिच्या पोटात पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांच्याबरोबर समुद्र, डोंगर, गॅसगळती आणि विषबाधा यांच्यासाठीही वेगळ्या हाका आहेत. नेटवर्कमध्ये आणीबाणीचे कॉल हाताळणारा स्वतंत्र सर्व्हर ही हाक उचलतो, फोन कुठून आला ते विचारून घेतो आणि त्या भागाचं केंद्र गाठतो.

समजा, फोनने नंबर ओळखलाच नाही आणि साध्या कॉलसारखा पुढे ढकलला. मग नेटवर्क तो ओळखू शकतं. ते कॉल स्वतःच योग्य जागी वळवतं, नाहीतर फोनला ३८० हा संकेत परत धाडतं. त्याचा मतलब: हा आणीबाणीचा कॉल आहे, नीट त्याच मार्गाने पुन्हा लाव. फोन मुकाट्याने पुन्हा लावतो, आपल्याला पत्ताही लागत नाही.

संध्याकाळचे सात, डोंबिवली स्टेशन

फलाटावर मुंगी शिरायला जागा नाही, आणि जो तो मोबाइलवर. अशा वेळी आणीबाणीचा कॉल रांगेत अडकू नये म्हणून फोन टॉवरकडे जागा मागतानाच ‘आणीबाणी’ हे कारण सांगतो. जागा शिल्लक नसेल तर दुसऱ्याचं व्हिडिओ पाहणं तोडून ती याला देण्याची सोय मानकांत आहे. मला या सगळ्या रचनेतली ही सर्वांत माणुसकीची गोष्ट वाटते.

‘फक्त आणीबाणीचे कॉल’

स्क्रीनवर हे शब्द दिसले की आपण वैतागतो. खरं तर ती चांगली बातमी असते. तुमच्या कंपनीची रेंज गेली आहे, पण दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचा टॉवर तुमची हाक घ्यायला तयार आहे! सिम नसलेल्या फोनवरूनही असा कॉल लावण्याची तरतूद जागतिक मानकांत आहे. परवानगी द्यायची की नाही ते प्रत्येक देश ठरवतो. खोट्या कॉलना कंटाळून जर्मनीने २००९ पासून सिम सक्तीचं केलं. भारतात ११२ ला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हाच ठरलं होतं, की आउटगोइंग बंद असलेल्या सिमवरूनही तो लागला पाहिजे. रिचार्ज संपलाय म्हणून थांबू नका.

दुसऱ्याचा टॉवर पकडण्याच्या या युक्तीत एक खाचही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात ऑप्टस कंपनीचं नेटवर्क कोलमडलं आणि २,१४५ जणांचा तिथल्या ००० या नंबरवरचा कॉल लागला नाही. नेटवर्क आतून मेलं होतं, पण काही टॉवर सिग्नल देतच राहिले. फोनला वाटलं, आपलं नेटवर्क जिवंत आहे. मग त्याने शेजारच्या कंपनीकडे जावंच कशाला? निकामी टॉवरने स्वतःहून गप्प होणं किती गरजेचं आहे, हे त्या दिवशी कळलं.

आपल्याकडे जिओ ५ सप्टेंबर २०१६ रोजी आली ती २जी-३जी न घेताच. इतर कंपन्यांचा फोन ४जीवर अडला तर २जीवर उतरू शकतो. जिओला स्वतःच्या घरात ती खालची पायरीच नाही, म्हणून तिथे अडलेल्या हाकेला दुसऱ्याच्याच टॉवरचा आधार.

नकाशातली गंमत

लँडलाइनच्या जमान्यात ठाणे एमटीएनएलकडे, ०२२ वर; डोंबिवली बीएसएनएलकडे, ०२५१ वर. मोबाइलच्या परवान्यांत मात्र कल्याणही ‘मुंबई’तच मोडतं. तारेच्या फोनला ठरलेला पत्ता होता. मोबाइलचा पत्ता म्हणजे आधी टॉवर, आणि टॉवरला पालिकेची हद्द कळत नाही. घोडबंदर रोडवरच्या फोनने खाडीपलीकडचा टॉवर पकडला, तर नकाशावर तो वसईच्या बाजूचा दिसू शकतो, आणि तिथलं पोलीस आयुक्तालय वेगळं.

जीपीएस चालू असेल तर जागा कितीतरी नेमकी कळते. पण पलावात किंवा घोडबंदरच्या उंच इमारतीत कितवा मजला, हे जीपीएसलाही नीट सांगता येत नाही. अमेरिकेने त्यासाठी उंचीतही तीन मीटरपर्यंत अचूक जागा कळवण्याचा नियम कंपन्यांना घातला आहे.

बटणांचं गुपित

२०१६ च्या केंद्रीय नियमानुसार १ जानेवारी २०१७ पासून साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की आणीबाणीचा कॉल लागायला हवा. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण झटपट तीनदा दाबूनही. तुमच्या मॉडेलवर नेमकं काय चालतं ते आजच सेटिंगमध्ये बघून ठेवा. आणि चुकून कॉल लागलाच तर कापू नका, ‘चुकून लागला’ असं सांगून मगच ठेवा. नाहीतर समोरच्याला तुम्ही संकटात आहात असं वाटत राहील.

आता पत्त्याचं. डोंबिवलीत ‘स्टेशनजवळ’ एवढ्याने भागत नाही. पहिला शब्द पूर्व किंवा पश्चिम असू द्या, कारण चुकीच्या बाजूला आलेल्या गाडीला पूल गाठून वळसा घालावा लागतो. मग रस्ता, इमारत, विंग, मजला. हे घरातल्या आजी-आजोबांकडून आणि शाळकरी मुलांकडून एकदा मोठ्याने म्हणून घ्या.