दिवा कंपनीचा, उजेड आपला

लग्नाची मोठाली पातेली आपण कुणी विकत घेत नाही. भाड्यानं आणतो, दोन दिवस वापरतो, धुऊन मोजून परत देतो. मळणीयंत्राचंही तसंच. यंत्र दुसऱ्याचं, आपण पैसे देतो पोत्यामागं. युरोपातल्या शहरांत हीच रीत आता दिव्यापर्यंत पोचली आहे. दिवा विकत घ्यायचा नाही, नुसता उजेड घ्यायचा. हसू नका, ऐका तर खरं.

त्यासाठी जरा मागं जाऊ. १९२४ साली बल्ब बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या जिनिव्हा शहरात एकत्र आल्या. त्यात ओसराम होती, फिलिप्सही होती. त्यांनी आपसांत ठरवलं की घरातला बल्ब १,००० तास चालावा, फार जास्त नको. त्याआधी याहून टिकाऊ बल्ब मिळत होते. नव्या बल्बचा उजेड जास्त पडतो, असं कंपन्या सांगायच्या, आणि त्यात थोडं तथ्यही होतं. पण मग जास्त टिकणारा बल्ब बनवणाऱ्या कंपनीला दंड कशाला? बल्ब लवकर गेला की दुसरा खपतो, हे त्यामागचं साधं गणित.

आता त्याच फिलिप्सची दुसरी गोष्ट. ॲमस्टरडॅममध्ये थॉमस राऊ नावाचे इमारतींचे नकाशे करणारे वास्तुविशारद आहेत. त्यांनी कंपनीला सांगितलं, मला दिवे नकोत, माझ्या कचेरीला वर्षभर इतका उजेड हवा. दिवे तुमचे, दुरुस्ती तुमची, मी उजेडाचे पैसे देईन. पुढं २०१५ साली त्याच शहराजवळच्या स्किपोल विमानतळावर मोठा करार झाला. विमानतळानं उजेडाचे पैसे द्यायचे आणि दिव्यांची मालकी कंपनीकडंच राहायची, असं त्यात ठरलं. सगळा दिवा न फेकता बिघडलेला भाग तेवढा बदलता यावा, अशी त्यांची घडण केली. वीज निम्मी वाचेल, असं तेव्हा जाहीर झालं होतं.

गंमत बघा, कंपनी तीच, पण गणित उलटं झालं. दिवा गेला तर खर्च तिचा. मग तो टिकावा असं तिलाच वाटणार. शेवटी जुना दिवा तिच्याकडंच परत जातो, त्यातलं धातू-काच पुन्हा कामी येतं. शहराबाहेरचा कचऱ्याचा डोंगर तेवढा कमी वाढतो.

पण सगळंच गोड नाही. शिलाई मशीनचे हप्ते फिटले की मशीन आपली होते. अडीनडीला विकता येते, घरात बाईच्या नावावर काहीतरी असतं. भाडं मात्र कधीच फिटत नाही. सवय लागल्यावर मालकानं दर वाढवला तर बोलणार कोण? म्हणून मला वाटतं, रोज लागणारी आणि कमाई देणारी वस्तू आपली असावी. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या यंत्रासाठी कर्ज काढू नये.

यात तिसरी वाटही आहे, गटाची. अवजार बँकेत यंत्राची मालकी गटाची आणि वापर सगळ्यांचा. दर गटाच्या बैठकीत ठरतो, म्हणून तो परस्पर वाढत नाही. मात्र बिघाड झाला तर दुरुस्ती कुणाच्या पैशातून, आणि पेरणीच्या घाईत पहिली पाळी कुणाची, हे यंत्र आणण्याआधीच वहीत लिहून ठेवावं. वाद होतात ते इथंच.

आणि पैसे कशाचे देतोय ते नीट बघा. ट्रॅक्टर तासावर घेतला तर चालकाला घाई नसते, तास वाढले की पैसे वाढतात. एकरावर ठरवला तर तो भराभर उरकतो आणि नांगर वरवर फिरतो. तेव्हा एकरी दर ठरवताना नांगर किती खोल जाणार तेही बोलून घ्या, आणि पहिलं तास पडलं की काठी घालून मोजा.