रामानुजन यांचे नाव आणि संगणकांचे जाळे

तमिळनाडूतील कुंभकोणम शहरात, सारंगपाणी मंदिराकडे जाणाऱ्या सन्निधी रस्त्यावर एक लहानसे कौलारू घर आहे. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण याच घरात गेले. २००३ मध्ये या वास्तूचे संग्रहालयात रूपांतर करण्यात आले. तंजावरच्या भोसले राजघराण्यामुळे हा परिसर मराठी वाचकांना अपरिचित नाही. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्मही १८२८ मध्ये कुंभकोणम येथेच, एका तंजावरी मराठी कुटुंबात झाला होता. रामानुजन यांचे नाव मात्र आज अशा एका क्षेत्रात घेतले जाते, ज्याची त्यांना कल्पनाही असणे शक्य नव्हते. ते क्षेत्र म्हणजे संगणकांची परस्पर जोडणी.

संगणकांचे जाळे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी रामानुजन यांच्याच एका पत्राचा आधार घेता येईल. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपये वेतनावर कारकून असताना त्यांनी १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिज येथील गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. त्यासोबत सुमारे १२० प्रमेये होती. सर्व पाने एकाच पाकिटातून, एकाच मार्गाने इंग्लंडला पोहोचली.

संगणक हेच पत्र वेगळ्या रीतीने पाठवील. तो पत्राचे तुकडे करील, प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाकिटात घालील आणि प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता व तुकड्याचा क्रमांक लिहील. ही पाकिटे, म्हणजेच पॅकेट, निरनिराळ्या मार्गांनी जाऊ शकतात आणि मागेपुढेही पोहोचू शकतात. क्रमांक पाहून ती पुन्हा जुळविण्याचे काम घेणाऱ्या संगणकाचे असते. एखादे पॅकेट वाटेत हरवल्यास त्याची पोच मिळत नाही, आणि पाठविणारा संगणक तेवढेच पॅकेट पुन्हा पाठवितो. पूर्ण पत्र नव्याने लिहावे लागत नाही. (रामानुजन यांच्या त्या मूळ पत्राची सर्व पाने आज उपलब्ध नाहीत आणि ती परत मागविण्याची सोय अर्थातच नाही.)

एका पॅकेटात साधारणतः १,५०० बाइट मावतात. प्रचलित युनिकोड पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट जागा घेते आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. त्यामुळे एका पॅकेटात पाचशेहून कमी देवनागरी चिन्हे बसतात. हा लेख वाचकापर्यंत पोहोचतो तो अशा अनेक तुकड्यांतून.

पॅकेटला वाट दाखविण्याचे काम राउटर नावाची यंत्रे करतात. कोणत्याही राउटरला संपूर्ण प्रवास ठाऊक नसतो. आलेल्या पॅकेटवरील पत्ता पाहून ते पुढच्या कोणत्या शेजाऱ्याकडे द्यावे, एवढेच त्याला कळते. टपाल वर्गीकरण करणाऱ्या कर्मचाऱ्याला केंब्रिजची गल्ली माहीत नसली तरी विलायतेची थैली कोणती हे माहीत असते, त्यातलाच हा प्रकार. पत्ते कसे लिहावेत आणि पोच कशी द्यावी, याचे नियम व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडले. त्यांतून घडलेली टीसीपी/आयपी ही नियमावली १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेच्या अर्पानेट या जाळ्यावर लागू झाली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली.

पॅकेटला दुसरी वाट मिळणार, हे गृहीत धरूनच ही सारी व्यवस्था चालते. मात्र जाळ्यात दुसरी वाट असलीच पाहिजे, आणि खरा प्रश्न तेथे सुरू होतो.

कुंभकोणमचे रेल्वे स्थानक याचे चांगले उदाहरण ठरेल. विल्लुपुरमहून तिरुचिरापल्लीला जाण्यासाठी दोन लोहमार्ग आहेत. चिदंबरम, कुंभकोणम, तंजावर असा वळसा घेणारा मार्ग ‘मेन लाइन’ म्हणून, तर वृद्धाचलम व अरियलूरवरून जाणारा जवळचा मार्ग ‘कॉर्ड लाइन’ म्हणून ओळखला जातो. एका मार्गावर अडथळा आल्यास दूरच्या गाड्या दुसऱ्या मार्गाने वळविता येतात. दोन्ही मार्ग मिळून एक वर्तुळ तयार होते आणि वर्तुळाचे दौर्बल्यही त्यातच दडलेले असते. ते एका ठिकाणी तुटले तर वाहतूक चालू राहते. दोन ठिकाणी तुटले तर त्याचे दोन तुकडे होतात.

समुद्राखालील केबलच्या बाबतीत हा अनुभव भारताने घेतला आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन केबल तुटल्या. भारतासह पश्चिम आशियातील अनेक देशांची इंटरनेट सेवा विस्कळीत झाली. केबल दोन असल्या तरी त्या एकाच अरुंद पट्ट्यातून जात होत्या, त्यामुळे पर्यायी मार्ग कागदावरच राहिला. अनेक कंपन्यांना आपली वाहतूक पूर्वेकडून, सिंगापूरच्या दिशेने वळवावी लागली.

मग किती जोड दिले म्हणजे जाळे सुरक्षित मानावे? अमेरिकेतील रँड या संस्थेचे अभियंते पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालांत या प्रश्नाचा विचार केला होता. अणुहल्ल्यानंतरही निरोप पोहोचावेत, असे जाळे त्यांना हवे होते. सर्व केंद्रे जोडण्यासाठी किमान लागणाऱ्या जोडांच्या तिप्पट ते चौपट जोड असल्यास जाळे मोठी हानी सोसूनही टिकून राहते, असे त्यांना आढळले. म्हणजे प्रत्येक केंद्र प्रत्येकाशी जोडण्याची गरज नव्हती.

जोड किती याइतकेच ते कसे जोडले आहेत, हेही महत्त्वाचे असते. समजा, १० संगणक आहेत. त्यांचे वर्तुळ केल्यास १० तारा पुरतात, परंतु समोरासमोरच्या दोन संगणकांमध्ये पाच टप्पे पडतात. प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडले तर टप्पा एकच, पण तारा ४५. आता डॅनिश गणितज्ञ ज्युलियस पीटरसन यांच्या १८९८ मधील लेखामुळे प्रसिद्ध झालेली एक आकृती पाहावी. (त्याच वर्षी रामानुजन कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलमध्ये दाखल झाले.) बाहेर पंचकोन, आत पाच टोकांची चांदणी आणि पंचकोनाचा प्रत्येक कोपरा चांदणीच्या एकेका टोकाशी जोडलेला, अशी ही आकृती आहे. येथे प्रत्येक बिंदूला तीनच जोड असून तारा १५ लागतात. तरीही कोणत्याही बिंदूपासून कोणताही बिंदू जास्तीत जास्त दोन टप्प्यांवर असतो. वर्तुळाचे पाच-पाच संगणकांचे दोन गट करण्यासाठी दोन तारा तोडणे पुरते. या आकृतीत ते गट कसेही पाडले तरी किमान पाच तारा तोडाव्या लागतात.

अशा आकृतींना गणितात आलेख म्हणतात. जाळ्यातील कोणता बिंदू कोणाशी जोडलेला आहे, याचा तक्ता मांडून त्यातून काही विशिष्ट आकडे काढता येतात. त्यांतील पहिला आकडा प्रत्येक बिंदूच्या जोडांइतका असतो. दुसऱ्या क्रमांकाचा आकडा जितका लहान, तितके जाळे एकसंध व तोडण्यास कठीण. तो किती लहान होऊ शकतो, यालाही मर्यादा आहे. जोडांच्या संख्येतून एक वजा करावा, वर्गमूळ काढावे आणि त्याची दुप्पट करावी. तीन जोडांसाठी ही संख्या सुमारे २.८३ येते. जाळे अमर्याद वाढत गेले तर दुसरा आकडा या मर्यादेच्या फारसा खाली राहू शकत नाही. जे आलेख ही मर्यादा ओलांडत नाहीत, त्यांना ‘रामानुजन आलेख’ म्हणतात. पीटरसन यांची आकृती त्यांपैकीच एक आहे.

रामानुजन यांनी जाळ्यांचा अभ्यास कधीही केला नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. १९१६ च्या एका शोधनिबंधात त्यांनी ‘टाउ’ या संख्याश्रेणीविषयी एक अनुमान मांडले. या संख्या एका ठरावीक मर्यादेपलीकडे वाढत नाहीत, असे ते अनुमान होते, आणि त्या मर्यादेतही वर्गमुळाच्या दुपटीचेच रूप दिसते. बेल्जियमचे गणितज्ञ पिएर डेलिन यांनी १९७४ मध्ये ते सिद्ध केले. १९८८ मध्ये अलेक्झांडर लुबोट्झ्की, राल्फ फिलिप्स व पीटर सारनाक यांनी, तसेच स्वतंत्रपणे ग्रिगोरी मारगुलिस यांनी, या अनुमानाच्या व्यापक रूपाच्या साहाय्याने हवे तेवढे मोठे उत्तम आलेख प्रत्यक्ष रचून दाखविले. म्हणून त्यांना रामानुजन यांचे नाव मिळाले. या रचनेत प्रत्येक बिंदूचे जोड एखाद्या मूळ संख्येपेक्षा एकाने अधिक असावे लागतात. पुढे २०१३ मध्ये ॲडम मार्कस, डॅनियल स्पीलमन व निखिल श्रीवास्तव यांनी दोन गटांत विभागलेल्या आलेखांपुरती ही अट दूर केली.

व्यवहारात याचा विचार प्रामुख्याने डेटा सेंटर आणि महासंगणकांसाठी होतो. तेथे हजारो संगणक एका छताखाली असतात, त्यांना जोडणाऱ्या प्रत्येक तारेचा खर्च येतो आणि कोणती तार कोठे जावी, हे ठरविणे रचनाकाराच्या हाती असते. २०१२ मध्ये मांडलेल्या ‘जेलीफिश’ या रचनेत स्विच चक्क यदृच्छेने जोडले होते. प्रचलित शिस्तबद्ध रचनेच्या तुलनेत तेवढ्याच सामग्रीत २५ टक्क्यांपर्यंत अधिक संगणक पूर्ण क्षमतेने चालविता येतात, असे तिच्या कर्त्यांनी दाखविले. अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी महासंगणकासाठी सुचविलेली ‘स्पेक्ट्रलफ्लाय’ ही रचना तर थेट १९८८ च्या रामानुजन आलेखांवर आधारलेली आहे. अशा जाळ्यांत तारांची गुंतागुंत वाढते आणि बिघाड शोधणारा तंत्रज्ञ वैतागतो, ही त्यांची दुसरी बाजू.

यदृच्छेने केलेली जोडणी इतकी चांगली का ठरते, यावर १९८० च्या दशकाच्या अखेरीस सारनाक आणि नोगा अलोन यांच्यात पैज लागली होती. सहज जोडलेल्या आलेखांपैकी जवळपास सर्व रामानुजन आलेख असतील, असे अलोन यांचे म्हणणे होते. सारनाक यांना ते विरळ वाटत होते. डिसेंबर २०२४ मध्ये जियाओयांग हुआंग, थिओ मॅकेन्झी व होर्ंग-त्झेर याऊ यांनी दिलेल्या सिद्धतेनुसार हे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. पैज दोघेही हरले.

समुद्रात मात्र अशी मुभा नसते. तेथे केबलची वाट भूगोल आणि खर्च ठरवितात. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाहजवळ केबल तुटल्या आणि भारतासह अनेक देशांतील इंटरनेट पुन्हा मंदावले. तुटलेल्या केबलमध्ये २००८ सालची सी-मी-वी ४ ही होतीच.