गप्पी-मॉलीचा धंदा : आधी पाणी, मग मासे

शोभेच्या माशांचा जोडधंदा करू पाहणारा माणूस सहसा गप्पी, मॉली, प्लॅटी किंवा स्वोर्डटेल यांपासून सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. हे मासे अंडी घालीत नाहीत, थेट पोहणारी पिल्ले देतात. गप्पी तर आपल्याकडे हिवताप विभागामुळे खेडोपाडी माहीत आहे, कारण डासांच्या अळ्या खाण्यासाठी तो विहिरींत आणि हौदांत सोडतात. मासा स्वस्त आणि वाढ झपाट्याची. तरीसुद्धा नव्या टाकीतले हे मासे पहिल्या पंधरा दिवसांतच मरतात, ही तक्रार प्रत्येक दुकानदाराने ऐकलेली असते. गिऱ्हाईक म्हणते मासा रोगट दिला, दुकानदार म्हणतो यांना सांभाळता येत नाही. बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो, पाणी कच्चे असते.

कच्चे म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो, आणि तो माशाला विषच होय. जुन्या टाकीत वाळूवर व फिल्टरच्या स्पंजवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढलेले असतात. ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच आहे, नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात चालते. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात आणि पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे घेतात. त्यात आणखी एक अडचण अशी, की या माशांना जड, किंचित अल्कधर्मी वळणाचे पाणी मानवते आणि नेमक्या अशाच पाण्यात, उष्णता असली तर अधिकच, अमोनिया जास्त जहाल होतो. मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागला, पंख अंगाला चिकटवून बसला, तर औषधाची बाटली शोधण्याऐवजी आधी चौथा हिस्सा पाणी बदलावे.

उपाय खर्चिक नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे 55 लिटर पाणी मावते. त्यात एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावावा. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवावे किंवा त्यात हायपो टाकावा, म्हणजे क्लोरिन जाते. एखाद्या ओळखीच्या व्यापाऱ्याच्या निरोगी, चालत्या टाकीतला मळलेला स्पंज मिळाला तर तो नव्या टाकीत पिळावा. निम्मे काम तिथेच होते. तो न मिळाल्यास मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकत राहावे, म्हणजे ते कुजून जिवाणूंना पोसते. थेंबांच्या चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की आधी चार-पाच मासे सोडावेत, बाकीचे नंतर. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ दिसले तर घाबरून सगळे पाणी ओतून देऊ नये, ते आपोआप निवळते. स्पंज नळाखाली धुणे ही तर सर्रास होणारी चूक आहे. क्लोरिनने जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा नवी होते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो खळबळून घ्यावा.

पाण्याची जात गावोगाव वेगळी असते. मुंबईचे तलावांचे पाणी हलके असते, त्यात मॉली झिजते; फिल्टरजवळ मूठभर शिंपल्यांचा चुरा ठेवल्यास फरक पडतो. पठारावरच्या बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणून या माशांना सोयीचे, फक्त ताजे काढलेले पाणी काही तास हवेत खेळवून मगच वापरावे.

पैदाशीचे म्हणाल, तर नर-मादी ओळखणे सोपे आहे. नराचा पोटाखालचा मागचा पंख काडीसारखा असतो, मादीचा पंख्यासारखा. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर मादीला दम घेऊ देत नाही. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी वीस ते पन्नास पिल्ले देते आणि एकदा फळली की नर नसतानाही काही महिने पिल्ले देत राहते. आई स्वतःच पिल्ले खाते, म्हणून टाकीत जावा मॉस किंवा हॉर्नवर्ट दाट असावे. प्लास्टिकच्या छोट्या पिंजऱ्यात मादीला आठवडाभर कोंडणे बरे नव्हे, ती बिचकते. पिल्लांना बारीक कुटलेले खाद्य आणि आर्टेमिया दिवसातून तीन-चार वेळा, थोडे थोडे द्यावे.

आता हिशेब. दहा माद्या, प्रत्येकी महिन्याला 25 पिल्ले धरली तर महिन्याला 250. विक्रीजोगा मासा व्हायला तीन महिने लागतात, म्हणजे एका वेळी 750 जीव हातात. माशामागे एक लिटर पाणी धरले तरी दोन फुटी टाक्या चौदा लागतील. निम्मी पिल्ले जगली तरी सात. म्हणजे या धंद्यात पिल्लांची टंचाई कधीच नसते, टंचाई जागेची आणि पाण्याची असते. चेन्नईच्या कोळत्तूर भागात हा धंदा घराघरांत पसरला तो सिमेंटच्या हौदांवर. काचकाम करणाऱ्या कारागिरांना इथे फायदा आहे, कारण टाकी त्यांच्या घरचीच.

सगळे रंग एकत्र ठेवले तर दोन-तीन पिढ्यांत माल राखाडी, बिनकिमतीचा होतो. गप्पीची पिल्ले तीन-चार आठवड्यांची होताच नर-मादी वेगळे करावेत, एका टाकीत एकच रंग ठेवावा, आणि अधूनमधून बाहेरच्या चांगल्या नराची भर घालावी. माल पाठवण्याआधी एक दिवस खाद्य बंद ठेवावे. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू. उरलासुरला माल नदी-ओढ्यात सोडू नये, गप्पी तिथल्या देशी माशांना हुसकावतो. कुर्ल्याच्या बाजारात माल नेणाऱ्याने आधी दोन-तीन ठोक व्यापाऱ्यांना विचारून ठेवावे की कोणता रंग चालतो आहे, मगच नर निवडावेत.