मांडीवरच्या जीवाची निगा

मुंबईच्या पांजरापोळीची स्थापना 1834 मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने झाली. त्याआधी दोनच वर्षे भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध शहरात मोठा क्षोभ उसळला होता. पारशी बांधवांबरोबर जैन व्यापारीही त्यात सामील झाले होते. श्वानाविषयीची करुणा या समाजाला नवी नाही. नवा आहे तो शिह त्झू किंवा पॉमेरेनियनसारखा लांब केसांचा लहानसा जीव, जो आता पेढीवरून परतलेल्या घरधन्याच्या मांडीवर येऊन बसतो.

त्याच्याबरोबर एक अवघड प्रश्नही घरात येतो. तो प्रश्न म्हणजे गोचीड. जैन जीवविचारात उवा, ढेकूण यांप्रमाणे गोचिडाची गणना त्रीन्द्रिय जीवांत होते. औषध घातले तर तो मरतो. न घातले तर गोचीडतापाने पंचेन्द्रिय श्वानाचा प्राण जाऊ शकतो. शिवाय रक्त पिऊन गळून पडलेली एकच मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. काढलेला गोचीड अंगणात जिवंत सोडावा, तर तो दुसऱ्या मुक्या प्राण्याला लागतो. एकदा अंगावर गोचिडांची वस्ती झाली की निर्दोष मार्ग उरत नाही. मग पशुवैद्यांचा उपचार टाळणे ही दया नव्हे, श्वानाच्या वेदनेकडे केलेली डोळेझाक होय.

म्हणूनच यत्नाचाराला, श्वेतांबर परंपरेच्या शब्दांत जयणेला, खरा वाव आहे तो त्याआधी, रोजच्या विंचरण्यात. दिवसाउजेडी, फिरवून आणल्यावर, दहा मिनिटे पुरतात. प्रथम रुंद दातांचा कंगवा, मग बारीक फणी. कानांच्या मागे, काखेत, जांघेत आणि पायांच्या बोटांमध्ये बोटांनी चाचपून पाहावे. गोचीड आणि केसांचा गुंता दोन्ही तेथेच दडतात. गुंता मुळाशी धरून टोकाकडून सोडवावा, म्हणजे कातडी ओढली जात नाही. स्नान नेहमी विंचरल्यानंतरच घालावे, कारण ओला गुंता आवळत जातो आणि त्याखालची त्वचा कुजू लागते. पाणी कोमट असावे, कानांत जाऊ देऊ नये, आणि केस मुळापर्यंत वाळवावेत. चातुर्मासाच्या दमट दिवसांत याकडे विशेष लक्ष हवे.

साहित्य घेताना दुकानदाराला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. मऊ केसांचे काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात. त्याऐवजी धातूचा कंगवा किंवा तारांचा ब्रश चालतो. काही शाम्पूंत अंड्याचे घटक किंवा प्राणिज केराटिन असते. माणसांचा शाम्पू तर वापरूच नये, श्वानाच्या त्वचेला तो मानवत नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून टी ट्री तेल चोळणारेही भेटतात. ते श्वानाला विषारी ठरू शकते.

नखे कापताना घाई नको. पांढऱ्या नखात आतील गुलाबी शीर दिसते. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून अगदी थोडे थोडे कापावे. चुकून रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धरावी. पॉमेरेनियनचे केस उन्हाळ्यात मुळापासून कातरण्याची हौस अनेकांना असते. ती टाळलेली बरी. दुहेरी केसांचे ते आवरण उन्हापासून त्याचे रक्षण करते आणि कातरल्यावर पूर्ववत येईलच याची खात्री नसते.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बंध, वध आणि अन्नपाननिरोध यांच्याबरोबर छेदही सांगितला आहे. शोभेसाठी पिल्लाची शेपटी किंवा कान कापून घेणारे घर मग गोचिडाविषयी कितीही हळवे असले, तरी त्याचा हिशेब जुळत नाही. फणीने निघालेले केस मात्र गटारात न टाकता कागदात बांधावेत, आणि त्याआधी त्यांत काही हलते आहे का, हे एकदा उजेडात पाहून घ्यावे.