गळणाऱ्या इंजिनाचा तपास

पिंपळगाव बसवंत, लासलगाव यांसारख्या बाजारपेठेच्या गावांत, जिथे कांद्याच्या आणि टोमॅटोच्या हंगामात पिकअप गाड्यांच्या रांगा पहाटेपासून लागलेल्या असतात, रस्त्याच्या कडेला जी लहानलहान गॅरेजे आढळतात, त्यांच्या पुढची जमीन वर्षानुवर्षांच्या ऑइलाने काळी आणि टणक झालेली असते. त्यातले काही ऑइल बदलताना सांडलेले. परंतु पुष्कळसे जुन्या गाड्यांनी उभ्याउभ्या, थेंबाथेंबाने, स्वखुशीने अर्पण केलेले. पंधरा-वीस वर्षे राबलेल्या पिकअपचा मालक या थेंबांकडे म्हातारपणाच्या खोकल्याइतक्याच उदासीनतेने पाहतो. मात्र हिशेब मांडला तर ही उदासीनता फार वेळ टिकत नाही. वीस थेंबांचा ढोबळमानाने एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब या गतीने तासाला सुमारे 180 मिलिलिटर ऑइल जाते, आणि पिंपळगावाहून निघालेली गाडी वाशीच्या बाजारात पोचेपर्यंत जवळजवळ लिटरभर ऑइल महामार्गाच्या खाती जमा झालेले असते.

या भागात ज्या गाडीचा संचार सर्वाधिक, ती महिंद्राची पिकअप जवळपास घरचीच म्हणावी अशी आहे. कारण कंपनीचा मोटारींचा कारखाना नाशकात आणि इंजिनांचा कारखाना कसारा घाटाच्या माथ्यावर इगतपुरीस. तिच्या जुन्या डीआय इंजिनाची वंशावळ मोटारीपेक्षा शेतीशी अधिक जवळची आहे. 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या भागीदारीत महिंद्राचा ट्रॅक्टरनिर्मितीचा उद्योग उभा राहिला, आणि त्या घराण्याच्या इंजिनाचा संस्कार या 2523 घनसेंटीमीटरच्या इंजिनावर स्पष्ट दिसतो. त्याच्या सिलिंडरचा व्यास 88.9 आणि दट्ट्याची धाव 101.6 मिलिमीटर; हे विचित्र भासणारे आकडे इंचांत मांडले की साडेतीन आणि चार असे सरळ उतरतात. याच्या आधी जीपगाड्यांत येणारे प्यूजो जातीचे 2112 घनसेंटीमीटरचे इंजिन मात्र फ्रेंच शिस्तीचे, 90 आणि 83 मिलिमीटरचे. ट्रॅक्टरच्या कुळातले इंजिन ओबडधोबड, दणकट आणि दुरुस्तीला सोशिक असते. त्याची गळतीही तशीच सोशिक, म्हणजे वर्षानुवर्षे चालू राहते आणि गाडी काही थांबत नाही.

गळती थांबवण्याच्या कामात हात जेवढा लागतो त्याहून डोळा अधिक लागतो, हे या धंद्यात मुरलेला कोणीही मिस्त्री मान्य करील. ऑइल जिथून निघते तिथे ते क्वचितच सापडते. ते गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळते, पंख्याच्या आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते, एखाद्या कंगोऱ्याच्या आश्रयाने आडवे पसरते, आणि शेवटी इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या चेंबरच्या सर्वांत खालच्या बोल्टावर लोंबकळत स्वतःचा खोटा पत्ता सांगते. उतावळा मनुष्य त्या पत्त्यावर विश्वास ठेवून चेंबर उतरवतो, नवे पॅकिंग बसवतो, पैसे घेतो. आठवड्याने थेंब पुन्हा तिथेच. म्हणून चांगल्या गॅरेजात पाना उचलण्याआधी इंजिन डिझेलने किंवा रॉकेलने घासून धुतात, हवा मारून कोरडे करतात, संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरतात आणि गाडी एक फेरी फिरवून आणतात. पांढऱ्या भुकटीवर उमटलेली पहिली ओली रेघ हीच या प्रकरणातली पहिली विश्वसनीय जबानी. तपास नेहमी वरून खाली करायचा. खालून वर गेलेला तपास बहुधा भलत्याच दारी पोचतो.

इंजिनाच्या माथ्यावर पहिला संशयित भेटतो तो टॅपेट कव्हर. त्याच्या पॅकिंगचा रबर उष्णतेने लाकडासारखा कडक झालेला असतो, आणि कव्हर गळू लागले की कोणीतरी त्याचे बोल्ट आवळलेले असतात. आवळल्याने पातळ पत्रा बोल्टाच्या भोवती खाली दबतो, दोन बोल्टांच्या मधला भाग उचलला जातो, आणि गळती वाढते. ती वाढली म्हणून पुन्हा आवळणे, आणि मग एखाद्या दिवशी आटेच जाणे, हा क्रम मी इतक्या कव्हरांवर वाचला आहे की तो आता पाठ झाला आहे. उपाय साधा आहे: कव्हर सपाट लोखंडावर उपडे ठेवून दबलेल्या जागा हलक्या हातोडीने परत सम कराव्या आणि मगच नवे पॅकिंग घालावे. त्याच्या खाली ऑइल फिल्टरची बैठक आणि ऑइल प्रेशरचा स्विच. आणि डिझेल गाडीत एक ठिकाण असे की पेट्रोल गाडीवर शिकलेल्याच्या ते ध्यानीही येत नाही, ते म्हणजे अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला व्हॅक्यूम पंप. डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर पडदा नसल्याने ब्रेकला लागणारी पोकळी आपोआप निर्माण होत नाही. ती या पंपाने करावी लागते, आणि पंपाला इंजिनाचेच ऑइल एका नळीने देऊन दुसऱ्या नळीने परत घ्यावे लागते. या परतीच्या रबरी नळीला भेग पडली की इंजिनाची एक बाजू न्हाऊन निघते आणि अल्टरनेटरही भिजतो. नळीची किंमत किरकोळ. पण तिच्यापायी इंजिन खोलल्याची उदाहरणे किरकोळ नाहीत.

तयार पॅकिंग मिळाले नाही तर ते गॅरेजातच कापण्याची एक जुनी कला आहे, आणि ती पाहण्यासारखी असते. पॅकिंगचा कागद कव्हरच्या उघड्या तोंडावर पसरून एका हाताने घट्ट धरायचा, आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने, नखाने टिचकी मारावी तशा ठोक्यांनी ठोकत जायचे. धातूच्या धारेवर कागद स्वतःच कापला जातो, बोल्टाच्या भोकावर हातोडीचे डोके टेकवून एकच ठोका दिला की वाटोळी टिकली खाली पडते. ज्या मिस्त्रीला हे साधते त्याला मोजपट्टी लागत नाही. अलीकडे कागदाची जागा ट्यूबमधल्या सिलिकॉनने घेतली आहे, आणि सढळ हाताने लावलेले सिलिकॉन बाहेर जेवढे दिसते तेवढेच आतही दाबले जाते, तुकडे होऊन चेंबरमध्ये पडते आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीला जाऊन चिकटते. बाहेरची गळती थांबवताना आतला पुरवठा थांबवणारी ही दुरुस्ती मला गळतीहूनही भयंकर वाटते.

परंतु कित्येक गाड्यांत दोष पॅकिंगचाही नसतो, सीलचाही नसतो. दट्ट्याच्या रिंगांना चुकवून थोडा वायू प्रत्येक इंजिनात खाली उतरतो, आणि त्याने बाहेर पडावे म्हणून ब्रीदरची नळी योजलेली असते. ही नळी चिकट काजळीने बुजली, किंवा रिंगा झिजून वायूचा लोंढाच वाढला, की आत दाब साचतो आणि जो सांधा सर्वांत दुबळा असेल त्यातून ऑइल बाहेर ढकलतो. तो सांधा पक्का केला की दाब दुसरा शोधतो. याची परीक्षा इतकी सोपी की ती टाळली जाण्याचे मला नेहमी आश्चर्य वाटते: चालू इंजिनावर ऑइल ओतायचे झाकण सोडवून त्याच तोंडावर उलटे, सैल ठेवावे. ते स्वस्थ बसले तर ठीक. नाचू लागले, उडून पडले, वर धुराचे फुत्कार आले, तर आधी ब्रीदर साफ करावा, आणि तरीही नाच थांबला नाही तर इंजिन बोअरला आले, असे मालकाला स्पष्ट सांगावे. ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ हे तीन शब्द ऐकायला कोणत्याच मालकाला आवडत नाहीत. म्हणूनच ते उच्चारण्याऐवजी आणखी एक सील विकण्याचा मोह गॅरेजवाल्यास होतो.

राहिला प्रश्न क्रँकच्या मागच्या ऑइल सीलचा. पूर्वी या जागी ग्रॅफाइट चोळलेल्या दोरीसारख्या पट्ट्या असत. आता रबराची बारीक ओठासारखी कड, मागून स्प्रिंगने दाबलेली, फिरत्या पोलादावर टेकलेली असते. ती ऑइलाच्या अतिसूक्ष्म थरावर तरंगत राहते. मात्र त्या थरात धूळ शिरली की मऊ रबर सहाणेसारखे काम करून पोलादालाच वर्तुळाकार चर पाडते. अशा चरावर त्याच जागी नवे सील बसवणे व्यर्थ. ते किंचित आत किंवा बाहेर सरकवून अस्पर्श पृष्ठावर बसवावे, नाहीतर चरावर पातळ पोलादी बाही चढवावी. हे काम करायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच आणि फ्लायव्हील काढावे लागते, म्हणजे शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी दिवसभराची मजुरी. तेव्हा गिअरबॉक्सला हात लावण्यापूर्वी टॅपेट कव्हरची मागची कड बोटाने चाचपून पाहावी. कारण तिथून ओघळलेले ऑइल नेमके क्लच हाउसिंगच्या तळाशी, मागचे सील गळावे त्याच जागी, थेंब धरते.

मागचे सील खरोखरच गेले असले, तरी गाडी गावाभोवतीच फिरणारी असेल तर दर सकाळी डिपस्टिक पाहून ऑइल भरत राहणे हा मालकाचा निर्णय मी चुकीचा मानीत नाही. क्लच प्लेट भिजून सरकू लागेपर्यंत हे चालून जाते, आणि प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरलाच की त्याच मजुरीत सीलही होते. विकायला काढलेल्या गाडीची तजवीज मात्र वेगळी. विकणारा आदल्या दिवशी इंजिन धुऊन चकचकीत करतो. आणि ज्याने चार जुन्या गाड्या घेतल्या आहेत असा गिऱ्हाईक ते चकचकीत इंजिन पाहून समाधानाने मान डोलावतो, तासभर गाडी चालवून बघतो म्हणतो, आणि परत आल्यावर खिशातून पांढरा रुमाल काढून चेंबरच्या खाली हात घालतो.