खोडगाठीचा जंतू आणि चिल्टनबाईंचे संशोधन

बागेतील गुलाबाचे जुने झाड उपटले असता, खोड जमिनीतून वर येते नेमक्या त्या जागी कधी कधी एक ओबडधोबड गाठ आढळते. प्रथम ती मऊ व फिकट असते. पुढे वाळून लाकडासारखी कठीण व काळपट होते. पीच, बदाम, सफरचंद, द्राक्ष इत्यादी झाडांसही हा रोग होतो. इंग्रजीत यास 'क्राऊन गॉल' म्हणतात. आपण त्यास खोडगाठ म्हणू. रोपवाटिका चालविणाऱ्याच्या हिशेबी गाठ आलेले कलम म्हणजे फुकट गेलेले कलम; याहून अधिक विचार तो सहसा करीत नाही. परंतु याच गाठीचा पिच्छा पुरविताना शास्त्रज्ञांच्या हाती जी विद्या आली, तिचा संबंध आपल्या विदर्भ-खानदेशातील कापसाच्या प्रत्येक शेताशी येऊन पोहोचला आहे. ही विद्या ज्यांनी सिद्ध केली, त्यांत मेरी-डेल चिल्टन या अमेरिकन विदुषींचे नाव अग्रभागी येते. त्यांच्या कामाची हकीकत कापूस पिकविणाऱ्याने जाणून घेण्यासारखी आहे, म्हणून ती येथे देत आहोत.

गाठीचे कोडे

खोडगाठ एका मातीतील जंतूमुळे होते, हे अमेरिकेच्या शेतकी खात्यातील स्मिथ व टाऊनसेंड या दोघांनी १९०७ साली दाखवून दिले. या जंतूस पुढे 'ॲग्रोबॅक्टेरियम' असे नाव मिळाले. खुरपे लागून, कलम बांधताना किंवा किडीने कुरतडल्याने झाडास जखम झाली की तीवाटे तो आत शिरतो व तेथील पेशी बेसुमार वाढू लागतात.

खरे कोडे पुढेच आहे. १९४० नंतरच्या दशकात आर्मिन ब्राऊन नावाच्या शास्त्रज्ञाने सदाफुलीच्या झाडांवर प्रयोग केले. आपल्या परसातील ही सदाफुली बरीच उष्णता सहन करते. खोडगाठीचा जंतू मात्र ४६-४७ अंश सेल्सिअसच्या आसपास काही दिवस ठेवल्यास मरून जातो. ब्राऊन यांनी झाडास जंतू टोचले, काही काळाने उष्णता देऊन ते मारले आणि वाट पाहिली. जंतू उरला नव्हता, तरी गाठ वाढतच राहिली! पाहुणा घर सोडून गेला, तरी घरातला स्वयंपाक त्याच्याच मर्जीने चालू राहावा, असा हा प्रकार झाला. जंतू मरण्यापूर्वी झाडास काहीतरी देऊन जातो, हे उघड होते. ते काय, याचा उलगडा होण्यास मात्र तीस वर्षे लागली.

बाईंचे शिक्षण

चिल्टनबाईंचा जन्म १९३९ साली इंडियाना प्रांतातील इंडियानापोलिस शहरी झाला. लहानपणी त्यांस ओढ होती ती आकाशातील ताऱ्यांची. पुढे त्या रसायनशास्त्राकडे वळल्या. इलिनॉय विद्यापीठातून १९६७ साली त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली. त्या वेळी त्यांचे काम गवत, माती यांत सर्वत्र आढळणाऱ्या बॅसिलस सब्टिलिस या निरुपद्रवी जंतूवर होते. एका जंतूचा डीएनए, म्हणजे आनुवंशिक गुणांचा मूळ लेख, काढून दुसऱ्यास दिला असता दुसऱ्याचे गुण पालटतात. या लेखाचे दोन धागे एकमेकांस वळलेले असतात; पैकी एकच सुटा धागा दिला तरी गुण पालटतात, हे त्यांनी दाखविले.

पुढे सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी डीएनएच्या धाग्यांची जुळणी तपासण्याची रीत हस्तगत केली. ती थोडक्यात अशी. डीएनए तापविला की त्याचे दोन्ही धागे सुटे होतात आणि निवविला की प्रत्येक धागा आपला जोडीदार शोधून पुन्हा जुळतो. किरणोत्सर्गी खूण केलेले थोडे धागे घेऊन त्यांत दुसरा डीएनए मिसळावा. त्यात तोच मजकूर असेल, तर जोडीदार अधिक असल्यामुळे जुळणी लवकर होते. बाजारच्या गर्दीत आपल्या गावची माणसे जितकी जास्त, तितकी एखादे लवकर भेटते, तसेच हे.

प्रथम नकार, मग होकार

त्याच विद्यापीठात यूजीन नेस्टर हे जंतुशास्त्रज्ञ व मिल्टन गॉर्डन हे जीवरसायनज्ञ खोडगाठीचा अभ्यास करीत होते. जंतूचा डीएनए गाठीच्या पेशींत मिळतो, असे दावे त्या सुमारास छापून येत होते. बाईंस त्यांतील पुरावा कच्चा वाटला. तिघांनी मिळून स्वतः तपास केला व १९७४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला तो नकाराचा: गाठीत जंतूचा डीएनए आढळत नाही.

त्याच वर्षी बेल्जममधील घेंट येथून निराळी बातमी आली. जेफ शेल, मार्क व्हान मॉन्टाग्यू व त्यांचे सहकारी यांना असे दिसून आले की, गाठ उत्पन्न करणाऱ्या जंतूंत मुख्य डीएनएखेरीज एक मोठे सुटे कडे असते. गाठ उत्पन्न न करणाऱ्यांत ते नसते. अशा कड्यास 'प्लास्मिड' म्हणतात. तेव्हा बाईंच्या ध्यानात आले की आपला शोध फार मोठ्या ढिगात चालला होता. जंतूच्या मुख्य डीएनएत सुमारे पन्नास लाखांवर अक्षरे, तर कड्यात सुमारे दोन लाख; झाडास मिळत असेल तो त्यातलाही तुकडाच. पोतेभर ज्वारीत मिसळलेले बाजरीचे चार दाणे मूठभर नमुन्यात सापडत नाहीत, म्हणून ते पोत्यात नाहीतच असे म्हणता येत नाही.

मग कड्याचे ठराविक जागी तुकडे करून, एकेक तुकडा वेगळा काढून तपासण्याचे कंटाळवाणे काम सुरू झाले. बहुतेक तुकड्यांचे उत्तर पूर्वीप्रमाणे नकाराचेच आले. एका तुकड्याचे मात्र होकाराचे आले. १९७७ साली 'सेल' या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जंतू आपल्या लेखाचा एक तुकडा झाडाच्या लेखात कायमचा चिकटवून देतो, हे सिद्ध झाले. ज्यांनी तीन वर्षांपूर्वी 'नाही' असे छापले होते, त्यांनीच 'आहे' असे छापले. पहिले उत्तर त्या वेळच्या मापाने खरे होते. माप अधिक बारीक होताच त्यांनी ते बदलले. शास्त्रात याला कमीपणा मानीत नाहीत.

जंतू हे का करतो, याचेही उत्तर मिळाले. फ्रान्समधील जॉर्ज मोरेल व त्यांचे सहकारी यांनी पूर्वीच दाखविले होते की गाठीत ऑक्टोपिन, नोपॅलिन अशी द्रव्ये तयार होतात. निरोगी झाडात ती नसतात. ही द्रव्ये हा जंतू खाऊ शकतो, इतर बहुतेकांस ती पचत नाहीत. म्हणजे झाडाच्या लेखात आपला मजकूर घुसवून हा जंतू झाडाकडून आपल्यापुरते अन्न पिकवून घेतो. ही एक प्रकारची शेतीच आहे.

रोगाचा हमाल होतो

जो जंतू स्वतःचा मजकूर झाडात नेतो, त्याच्या डोक्यावर आपले गाठोडे दिले तर तो तेही नेईल काय? १९७९ साली बाई सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गेल्या (नाव सारखे असले तरी हे निराळे विद्यापीठ) व तेथे हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. अडचण अशी होती की गाठीच्या पेशींपासून धड रोप तयार होत नाही. म्हणून त्यांनी गाठ उत्पन्न करणारा मजकूर निकामी करून त्या जागी यीस्टमधील एक जनुक बसविला. तो घेतलेल्या तंबाखूच्या पेशींपासून सरळ, निरोगी झाडे वाढली, त्यांस बी धरले, आणि पुढील पिढीतही घातलेला मजकूर उतरला. हे १९८३ साल होय. त्याच वर्षी जानेवारीत मायामी येथील परिषदेत चिल्टनबाई, बेल्जमचे शेल व मोन्सँटो कंपनीचे शास्त्रज्ञ यांनी आपापले स्वतंत्र यश जाहीर केले. रोग करणारा जंतू हमाल झाला.

त्याच वर्षी बाई विद्यापीठ सोडून सिबा-गायगी कंपनीत गेल्या व नॉर्थ कॅरोलिना येथे तिचे संशोधन त्यांनी उभारले. २०१३ साली व्हान मॉन्टाग्यू व मोन्सँटोचे रॉबर्ट फ्रेली यांच्यासमवेत त्यांस जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. या निवडीवर टीकाही झाली. सार्वजनिक विद्यापीठात उगवलेली विद्या कंपन्यांच्या एकस्वात गेली, हा टीकाकारांचा आक्षेप बियाण्याचे दाम मोजणाऱ्या शेतकऱ्यास परका वाटणार नाही.

येथे एक गंमतीची गोष्ट सांगावीशी वाटते. २०१५ साली असे प्रसिद्ध झाले की, जगभरच्या २९१ लागवडीच्या रताळ्यांचे नमुने तपासता सर्वांत ॲग्रोबॅक्टेरियमचा मजकूर सापडला. हजारो वर्षांपूर्वी निसर्गातच हा प्रकार घडून गेला. एकादशीस आपण जे रताळे भक्तीने खातो, त्यात या जंतूचे लेखन केव्हाचेच आहे. यावरून प्रयोगशाळेत घडविलेले प्रत्येक पीक निर्धोक ठरते असे नव्हे. प्रत्येकाची परीक्षा वेगळी झाली पाहिजे.

आपल्या कपाशीपर्यंत

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतील दुसरा एक जंतू. त्याचे एक प्रथिन अळीच्या आतड्यास भोके पाडून तिला मारते. या प्रथिनाचा जनुक ॲग्रोबॅक्टेरियमच्या द्वारे कोकर नावाच्या अमेरिकन कपाशीत घालण्यात आला. त्या कपाशीशी संकर करून जालन्याच्या महिको कंपनीने तयार केलेल्या तीन वाणांस मार्च २००२ मध्ये भारत सरकारची मान्यता मिळाली. हीच आपली बीटी कपाशी. २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. आरंभी हिरव्या बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या, हे आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभविले आहे.

पण गुलाबी बोंडअळीने पुढे डोके वर काढले. एका जनुकाच्या कपाशीस ती दाद देत नाही, हे २०१० साली गुजरातेतून जाहीर झाले. पुढे दोन जनुकांचीही तीच गत झाली, आणि २०१७ च्या हंगामात आपल्याकडे बोंडेच्या बोंडे किडकी निघाली. यात विष अळीस 'शिकविते' असे समजू नये. लाखो अळ्यांत विष सोसणाऱ्या दोन-चार मुळातच असतात. इतर मेल्या की त्यांचीच प्रजा वाढते. हिरवी अळी तूर, हरभरा यांवरही जगते, त्यामुळे विषाशी गाठ न पडलेल्या अळ्या शिल्लक राहून त्यांचा संकर होत राहतो. गुलाबी अळीचे पोट जवळजवळ केवळ कपाशीवर. सर्वत्र बीटीच असेल तर तिला दुसरा आसरा नाही.

म्हणूनच बीटीच्या ४५० ग्रॅम पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या कपाशीचे बी देत असत व ते कडेने पेरावे असा नियम होता. पुष्कळांनी ती थैली फेकून दिली. दोन ओळी अळीस कशास वाढावयाच्या, असे प्रत्येकास वाटले. त्या दोन ओळी उरलेल्या शेताचे मोल राखीत होत्या, हे उशिरा कळले. पुढे साधे बी पाकिटातच मिसळून देण्याची रीत आली.

आता शेतकऱ्याच्या हाती आहे ते असे. फरदड घेऊ नये. डिसेंबर-जानेवारीपर्यंत वेचणी आटोपून पऱ्हाट्या शेतात वा बांधावर रचून न ठेवता नष्ट कराव्या. कामगंध सापळे लावून पतंगांवर नजर ठेवावी. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट कराव्या. आणि हे एकट्याने न करता गावाने एका वेळी करावे, कारण पतंगास बांध ठाऊक नाही.

चिल्टनबाईंनी आपलाच निष्कर्ष पुन्हा तपासला व चुकीचे ठरले ते सोडून दिले. आपल्यालाही तेच करावयाचे आहे. बियाणे बदलले म्हणजे अळीचा प्रश्न कायमचा मिटला, हा आपला समज होता. तो चुकीचा ठरला आहे; सबब येत्या हंगामापूर्वी प्रत्येक गावाने फरदडीचा निर्णय सभा भरवून करावा, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.